महादुर्बिणींचा आकार आणि मोजणीची परंपरा

पैनगंगा आणि गोदावरी या दोन नद्यांच्या मध्ये पसरलेला, निजामाच्या अंमलात दीर्घकाळ राहिलेला आणि २०१६ साली चार जिल्ह्यांत विभागला गेलेला जुना आदिलाबाद जिल्हा म्हटला की सागाची जंगले, कापसाची काळी जमीन आणि गोंड राजांचा इतिहास हेच सहसा डोळ्यांपुढे येते. खगोलशास्त्राशी या मुलखाचा काही संबंध असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. परंतु नकाशा उघडून किंचित दक्षिणेकडे झुकणारी एक रेघ आदिलाबादेहून पश्चिमेकडे नेली, तर नांदेड, बीड आणि अहिल्यानगरचा (पूर्वीच्या अहमदनगरचा) प्रदेश ओलांडून ती पुणे जिल्ह्यात नारायणगावाच्या आसपास जाऊन पोहोचते. आदिलाबाद सुमारे १९ अंश ४० कलांवर आहे, आणि नारायणगावाजवळचे खोडद, जेथे जगातील एक अग्रगण्य रेडिओ दुर्बीण उभी आहे, ते १९ अंश ५ कलांवर. दोन्ही गावांवरून जवळजवळ तेच आकाश सरकते. आदिलाबादच्या मध्यान्हरेषेवर आलेला तारा सुमारे १८ मिनिटांनी खोडदच्या मध्यान्हरेषेवर येतो, इतकाच काय तो फरक. या समान आकाशापलीकडे आणखी एक धागा या प्रदेशाला त्या दुर्बिणीच्या विद्येशी जोडतो, आणि तो आहे मोजणीचा. प्रचंड वस्तूचा आकार तंतोतंत ठरवणे आणि तो बिघडला असता पुन्हा पूर्वस्थितीवर आणणे, या विद्येचा एक जुना आणि तेजस्वी अध्याय याच भागाच्या परिसरात संपला.

मद्रासजवळ सेंट थॉमस माउंट येथे १० एप्रिल १८०२ रोजी विल्यम लँब्टन या सर्वेक्षकाने आपल्या पहिल्या पायारेषेच्या मोजणीस आरंभ केला. साडेसात मैलांची ती रेषा पोलादी साखळीने, तपमानाने होणारी धातूची वाढघट हिशेबात धरून, मोजली गेली. आणि तिच्यावर त्रिकोणामागून त्रिकोण रचीत हे सर्वेक्षण कन्याकुमारीपासून उत्तरेकडे सरकत निजामाच्या मुलखात आले. बिदरजवळ दामरगिद्दा येथे १८१५ साली नवी पायारेषा मोजण्यात आली, आणि तेथून मुख्य शृंखला आदिलाबादच्या पश्चिमेकडून वऱ्हाडाकडे वळली. कृष्णा-गोदावरीमधल्या ज्वरग्रस्त अरण्यांत लँब्टनचा नवा सहायक जॉर्ज एव्हरेस्ट आजारी पडून जायबंदी झाला, आणि स्वतः लँब्टन, हैदराबादहून नागपूरकडे जात असताना, २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाट येथे मरण पावला. आदिलाबादेहून उत्तरेस अवघ्या शंभर किलोमीटरांच्या आसपास असलेल्या त्या गावी त्याचे दफन झाले.

लँब्टनच्या आयुष्यातील एक प्रसंग मात्र प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष मननीय आहे. त्याचा महाथिओडोलाइट, म्हणजे कोन मोजण्याचे यंत्र, अर्ध्या टनाच्या घरात वजनाचा होता आणि त्याचे अंशांकित वर्तुळ तीन फूट व्यासाचे होते. १८०८ साली तंजावरच्या मंदिराच्या शिखरावर हे यंत्र दोरांनी चढवले जात असता एक दोर तुटला, यंत्र भिंतीवर आदळले आणि वर्तुळाचा आकार बिघडला. विलायतेहून दुसरे यंत्र मागवायचे तर वर्षांची मुदत लागली असती. लँब्टनने त्रिचनापल्लीस तंबूत स्वतःला कोंडून घेतले, बहुतेक सर्वांना आत येण्याची मनाई केली, आणि सुमारे सहा आठवडे पाचरी, पेच आणि कप्प्या यांच्या साहाय्याने ते वर्तुळ केसाकेसाने ओढून मूळ आकारावर आणले. लँब्टनची पुढची मोजणी त्याच यंत्राने झाली. उत्तम यंत्राचा आकार एकदा मिळाला म्हणजे कायमचा मिळाला असे नसते; तो पुनःपुन्हा मोजावा लागतो आणि पुनःपुन्हा राखावा लागतो, ही गोष्ट त्या तंबूत जितकी स्पष्ट झाली तितकीच ती विसाव्या शतकातील महादुर्बिणींच्या कारखान्यांत स्पष्ट होणार होती.

रेडिओ दुर्बिणीची तबकडी अन्वस्ताकार असते, याचे कारण असे की दूरच्या आकाशातून समांतर येणारे तरंग अशा पृष्ठावरून परावृत्त झाले म्हणजे ते सर्व सारखेच अंतर चालून नाभीपाशी पोहोचतात आणि तेथे एकमेकांना बळ देतात. पृष्ठ एखाद्या ठिकाणी खाली बसले, तर त्या ठिकाणचा तरंग जाताना आणि येताना असे दुहेरी अंतर अधिक चालतो, उशिरा पोहोचतो आणि इतरांशी सूर न जुळल्यामुळे बेरीज वाढवण्याऐवजी घटवतो. जॉन रूझ या अमेरिकी शास्त्रज्ञाने या हानीचे गणित मांडले, आणि १९६६ साली प्रसिद्ध झालेला त्याचा लेख या क्षेत्रात आजही प्रमाण मानला जातो. त्या गणिताचे सार असे, की पृष्ठाची सरासरी चूक तरंगलांबीच्या विसाव्या भागाइतकी असेल तर आलेल्या शक्तीपैकी सुमारे दोन तृतीयांश हाती लागते. तीच चूक दुप्पट होऊन दहाव्या भागाइतकी झाली, तर जेमतेम पाचवा हिस्सा उरतो. म्हणजे तबकडी किती नितळ हवी या प्रश्नाचे उत्तर तबकडीत नसून ती ज्या तरंगांना सामोरी जाणार त्या तरंगांच्या लांबीत आहे. हायड्रोजनच्या प्रसिद्ध २१ सेंटिमीटर तरंगासाठी दहा-अकरा मिलिमीटरांची चूक चालते. ३ मिलिमीटरांच्या तरंगासाठी एका मिलिमीटराचा पाव हिस्साही जड जातो.

आणि पृष्ठाचे शत्रू तीन आहेत : स्वतःचे वजन, वारा आणि ऊन. उन्हाचा प्रताप आदिलाबादकरांना सांगायला नको. हिवाळ्याच्या पहाटे ज्या गावी पारा कित्येकदा सहा अंशांच्या आसपास उतरतो, तेथेच वैशाखात तो पंचेचाळिसापर्यंत जातो, आणि मुदखेडहून येणाऱ्या रेल्वेच्या रुळांना ही सारी वाढघट दर वर्षी सोसावी लागते. पोलादाची ४५ मीटर लांबीची तुळई वीस अंशांनी तापली तर सुमारे ११ मिलिमीटरांनी वाढते. सबंध तबकडी एकसारखी तापली तर फारसे बिघडत नाही, कारण ती प्रमाणात वाढते आणि तिचे अन्वस्तत्व कायम राहते. अनर्थ होतो तो एक अंग उन्हात आणि दुसरे सावलीत असते तेव्हा, म्हणजे व्यवहारात जवळजवळ प्रत्येक दिवशी, सकाळपासून संध्याकाळपर्यंत.

कार्ल जान्स्की याने १९३३ साली आकाशगंगेतून येणारे रेडिओ तरंग जाहीर केले आणि ग्रोट रेबर याने १९३७ साली इलिनॉय प्रांतातील आपल्या घराच्या आवारात साडेनऊ मीटर व्यासाची तबकडी बांधली, तेव्हा हे प्रश्न अजून सौम्य होते. महायुद्धानंतर तबकड्या वाढत गेल्या. इंग्लंडमध्ये बर्नार्ड लॉव्हेल याच्या पुढाकाराने जॉड्रेल बँकची ७६ मीटरांची दुर्बीण १९५७ साली उभी राहिली, ऑस्ट्रेलियात पार्क्स येथे १९६१ साली ६४ मीटरांची. आकार जितका वाढे तितका सांगाडा स्वतःच्या भाराने अधिक वाके, आणि वाकू नये म्हणून त्याला जाड करावे तर भार आणखी वाढे. या कोंडीतून वाट काढली ती सेबास्टियन फॉन हर्नर या जर्मन शास्त्रज्ञाने. सांगाड्याला वाकू द्यावे, मात्र त्याची रचना अशी करावी की वाकल्यानंतरही त्याचा आकार अन्वस्तच राहावा, केवळ नाभी थोडी सरकावी आणि संग्राहक तिच्यामागे सरकवावा, असा तो विचार होता. जर्मनीतील एफेल्सबर्ग येथील १०० मीटर व्यासाची दुर्बीण १९७०च्या दशकाच्या प्रारंभी याच तत्त्वाच्या आधारे यशस्वी ठरली. विकृतीशी झुंजण्यापेक्षा तिला वळण लावावे, हा या कल्पनेतला शहाणपणा होता.

भारतात हीच बुद्धी निराळ्या परिस्थितीत प्रकट झाली. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी ऑस्ट्रेलियात काम केले होते. तेथील पॉट्स हिल येथील ३२ लहान तबकड्या भारताला भेट मिळाल्या आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या नवख्या गटाने त्या १९६५ साली मुंबईजवळ कल्याण येथे सूर्याच्या अभ्यासासाठी उभ्या केल्या. महाराष्ट्राच्या भूमीवरील रेडिओ खगोलशास्त्राचा हा श्रीगणेशा. पाच वर्षांनी, १९७० साली, उटकमंडजवळच्या डोंगर-उतारावर ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद अशी नळाकार अन्वस्ताची दुर्बीण कार्यान्वित झाली. त्या ठिकाणच्या अक्षांशाइतका, म्हणजे सुमारे ११ अंशांचा, उतार मुद्दाम हेरून दुर्बिणीचा अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर करण्यात आला, आणि परावर्तक पृष्ठासाठी पत्र्यांऐवजी स्टेनलेस स्टीलच्या अकराशे बारीक तारा २४ कमानींवरून ताणण्यात आल्या. सुमारे ९२ सेंटिमीटर लांबीच्या तरंगाला अखंड पत्रा आणि नीट अंतरावर ताणलेल्या तारा यांत भेद दिसत नाही, ही गोष्ट स्वरूप यांनी तेथे हाताळून पाहिली, आणि पुढे खोडदला तिचेच भव्य रूप उभे राहिले.

उटकमंडानंतर विषुववृत्तावर दोन किलोमीटर लांबीची दुर्बीण बांधण्याचा स्वरूप यांचा मनोदय होता. केनिया आणि इंडोनेशिया यांचा विचार झाला, परंतु योजना प्रत्यक्षात आली नाही. १९८४ साली महादुर्बिणीची नवी कल्पना आकारास आली आणि १९८७ साली तिला सरकारी मंजुरी मिळाली. आरंभी येथेही नळाकार अन्वस्तांचाच विचार होता. त्याऐवजी ४५ मीटर व्यासाच्या तीस पूर्ण फिरत्या तबकड्या परवडू शकतील, हे शक्य झाले ते एका रचनेमुळे. सोळा वक्र पोलादी कमानी मध्यापासून कडेपर्यंत अरांसारख्या पसरल्या. त्यांच्यामध्ये पोलादी दोरांच्या कैच्या ताणल्या गेल्या. आणि त्या दोरांना ०.५५ मिलिमीटर जाडीच्या स्टेनलेस स्टीलच्या तारेची जाळी बांधली गेली. मधल्या भागात जाळीचे घर १० मिलिमीटरांचे, त्याबाहेर १५ आणि कडेला २०. कडेची जाळी विरळ ठेवण्यात दुहेरी विवेक आहे : वाऱ्याची मुरड कडेवरच सर्वांत अधिक पडते, आणि संग्राहकाची दृष्टीही कडेकडे मंद होत जाते, त्यामुळे तेथील थोडी गळती महागात पडत नाही. या जाळीत धातू साधारण सात टक्के आणि बाकी सारी मोकळी हवा. वारा तिच्यातून आरपार जातो, पण रेडिओ तरंग मात्र परततो.

परिणाम काय झाला, ते दोन आकड्यांवरून दिसते. अमेरिकेत न्यू मेक्सिकोच्या पठारावरील प्रसिद्ध दुर्बीणसमूहातील २५ मीटर व्यासाची एक अखंड पत्र्यांची तबकडी आपल्या सांगाड्यासह दोनशे टनांहून जड आहे. खोडदच्या तबकडीचे पृष्ठफळ तिच्या तिपटीहून अधिक असूनही तिचा हलणारा भाग, संतुलनाचे वजन सोडून, सुमारे ८२ टनांचा आहे. तीसपैकी चौदा अँटेना खोडदच्या मध्यवर्ती चौकात आणि सोळा तीन भुजांवर, एकंदर २५ किलोमीटरांच्या पसाऱ्यात, जुन्नर तालुक्याच्या आणि आसपासच्या शेतशिवारांत उभ्या राहिल्या आणि काचतंतूंनी एका केंद्राशी जोडल्या गेल्या. २००१ साली ही दुर्बीण जगातील शास्त्रज्ञांना समर्पित झाली. तिच्या पृष्ठाची सरासरी चूक सुमारे १० मिलिमीटर आहे, आणि तिने ऐकायचा सर्वांत आखूड महत्त्वाचा तरंग २१ सेंटिमीटरांचा, म्हणजे ती चूक त्या तरंगाच्या जवळजवळ बरोबर विसाव्या भागाइतकी. हा योगायोग नव्हे. हीच त्या रचनेची कसोटी होती. एका मिलिमीटराची अचूकता साधण्यासाठी जे पोलाद आणि जो पैसा लागला असता, तो वाचवून त्यातून तीस तबकड्या उभारल्या गेल्या. नेमकी किती चूक सोसता येईल हे आधी ठरवणे, आणि त्यापलीकडे एक पैसाही न घालवणे, हा गरीब देशाचा नाइलाज होता असे कोणी म्हणेल. मला तो उच्च प्रतीचा अभियांत्रिकी विवेक वाटतो.

परंतु ज्यांना आखूड तरंग ऐकायचे आहेत त्यांना हा मार्ग मोकळा नव्हता, आणि त्यांच्यासाठी मोजणीचीच विद्या पुढे जाणे आवश्यक होते. पहिल्या पिढीच्या तबकड्यांची मोजणी लँब्टनच्याच कुळातील साधनांनी होत असे : तबकडीच्या मध्याशी थिओडोलाइट उभारावा, ठराविक अंतरांवर लावलेल्या खुणांचे कोन टिपावेत आणि पेच फिरवून पत्रे वरखाली करावेत. ही मोजणी बहुधा तबकडी आकाशाकडे सरळ उताणी असतानाच होत असे. ती कलल्यावर काय होते ते गणितावर सोपवावे लागे. १९७७ साली स्कॉट आणि राइल यांनी दाखवून दिले की दुर्बिणीला आलेल्या तरंगांवरूनच तिच्या पृष्ठाचा नकाशा काढता येतो. ती पद्धत फार उपयोगी पडली, पण तिच्यासाठी आकाशात तेजस्वी स्रोत हवा, आणि निरीक्षणाचा मौल्यवान वेळही खर्ची पडतो.

लेसरचा अध्याय सुरू झाला तो एका दुर्घटनेनंतर. पश्चिम व्हर्जिनियातील ग्रीन बँक येथील ३०० फुटी तबकडी १५ नोव्हेंबर १९८८च्या रात्री एकाएकी कोसळून लोखंडाचा ढीग झाली. तिच्या जागी २००० साली समर्पित झालेली १०० गुणिले ११० मीटरांची रॉबर्ट बर्ड दुर्बीण ही पृथ्वीवरील सर्वांत मोठी पूर्ण फिरती दुर्बीण होय. तिच्या पृष्ठाला २,००४ फलक आहेत आणि त्यांच्या कोपऱ्यांखाली संगणकाच्या हुकमाने वरखाली होणारी २,२०९ यंत्रे. अशा दुर्बिणीचा आकार दर क्षणी दुरुस्त करता येतो. मात्र काय दुरुस्त करायचे ते दर क्षणी कळले पाहिजे. यासाठी जॉन पेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जमिनीवर आणि संग्राहकाच्या भुजेवर लेसर-अंतरमापक बसवण्याची योजना केली. फलकांवर बसवलेले छोटे लोलक आलेला किरण आल्या वाटेने परत धाडीत. किरणाची तीव्रता दर सेकंदाला दीडशे कोटी वेळा कमीजास्त केली जाई, आणि परतलेल्या किरणाच्या लयीतील सूक्ष्म फरकावरून अंतर काढले जाई. योजना भव्य होती, परंतु किरणाच्या वाटेवरील हवेचे तपमान आणि ओलावा यांमुळे प्रकाशाची गती बदलते, आणि शंभर मीटरांच्या अंतरावर एका मिलिमीटराचे दहा भाग करून त्यांतला एक ओळखायचा तर ही हवाच वैरीण होते. नित्याच्या कामात ती व्यवस्था रुजली नाही. सांगाड्याचे गणित आणि दुर्बिणीच्याच तरंगांची मोजणी यांच्या जोरावर २००९च्या सुमारास शांत रात्री पृष्ठाची चूक सुमारे पाव मिलिमीटरापर्यंत उतरली. दिवसाचे ऊन मात्र अजिंक्यच राहिले.

दुसरा प्रयत्न अलीकडचा, आणि त्यातील कल्पकता मला अधिक मोलाची वाटते. इमारती आणि पूल यांच्या मोजणीत सर्रास वापरला जाणारा लेसर-क्रमवीक्षक (स्कॅनर) याच दुर्बिणीवर बसवून सबंध पृष्ठावरील लक्षावधी बिंदू काही मिनिटांत मोजायचे. अशा यंत्राचा एकेक बिंदू काही मिलिमीटरांनी चुकू शकतो. म्हणून केवळ त्याच्यावर विसंबायचे नाही. रात्रीच्या शांत वेळी, पृष्ठ उत्तम स्थितीत असताना, एक संदर्भ-मोजणी करून ठेवायची. दिवसा ऊन चढल्यावर दुसरी करायची. आणि दोहोंची वजाबाकी घ्यायची. यंत्राचा जो दोष दोन्ही मोजण्यांत सारखा असतो तो वजाबाकीत आपोआप नाहीसा होतो, बिंदूंच्या संख्येमुळे यादृच्छिक चुका सरासरीत विरतात, आणि उरतो तो उन्हाने केलेला बिघाड, जो मग फलकांखालच्या यंत्रांना सांगून काढून टाकता येतो. स्वतःच्या साधनाचा दोष ओळखून त्याला हिशेबातून वगळण्याची ही रीत लँब्टनला लगेच कळली असती, कारण साखळीची उष्णतेने होणारी वाढ वजा करताना त्यानेही हेच केले होते.

चीनमधील ग्वेइझौ प्रांतात २०१६ साली पूर्ण झालेल्या ५०० मीटरांच्या दुर्बिणीत तर आकार एका जागी स्थिर ठेवण्याचा प्रश्नच निराळा झाला आहे. डोंगरांच्या खळग्यात पोलादी दोरांचे जाळे पसरून त्यावर ४,४५० परावर्तक फलक बसवलेले आहेत. जाळ्याच्या २,२२५ गाठी खाली ओढून किंवा सैल सोडून गोलाकार पृष्ठातील ३०० मीटरांचा तुकडा अन्वस्ताकार केला जातो, आणि तारा सरकेल तसा तो तुकडाही सरकत जातो. त्या गाठींचे स्थान लेसर-मोजणी यंत्रे टिपतात. आपल्याकडेही आखूड तरंगांची गरज अंतराळयानांनी निर्माण केली : चांद्रयानासाठी २००८ साली बंगळूरजवळ ब्यालालू येथे उभी राहिलेली ३२ मीटरांची अँटेना हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडियाने घडवली. ज्या हैदराबादेहून लँब्टन आपल्या शेवटच्या प्रवासास निघाला, त्याच शहरात दोन शतकांच्या आत चंद्राशी बोलणारी तबकडी तयार व्हावी, ही या भूभागाच्या अभिमानाची गोष्ट आहे.

या साऱ्या वृत्तान्तातून मला एक गोष्ट निश्चयाने सांगावीशी वाटते. निर्दोष आकार नावाची वस्तू जगात नाही. पोलाद वाकते, ऊन त्याला फुगवते, दोर सैलावतो, मापकाच्याही अंगी दोष असतो. यशस्वी ठरले ते निर्दोषतेच्या मागे धावणारे नव्हेत, तर कोणत्या कामाला किती चूक चालते हे आधी गणिताने ठरवून, त्या मर्यादेच्या आत आकार राहतो की नाही हे न कंटाळता तपासणारे. खोडदच्या जाळीने मर्यादा ओळखली म्हणून ती स्वस्तात उभी राहिली. ग्रीन बँकचा लेसर हवेच्या दोषापुढे अडला आणि आपला दोष हिशेबात धरला तेव्हा उपयोगी पडला. आपल्या शाळा-महाविद्यालयांत विज्ञान शिकवताना शोधांची आणि शोधकांची नावे पाठ करून घेतली जातात, पण मोजणीचा हा संयम क्वचितच शिकवला जातो. आदिलाबादच्या किंवा जुन्नरच्या एखाद्या विद्यार्थ्याच्या हाती साधी फूटपट्टी आणि तपमापक देऊन, लोखंडी गज सकाळी आणि दुपारी मोजायला लावून, आलेल्या फरकात गजाचा वाटा किती आणि पट्टीचा किती हे त्याला शोधायला लावले, तर पुढच्या पिढीच्या दुर्बिणी बांधण्याचे शिक्षण त्या दिवशी सुरू झाले असे खुशाल समजावे.